झरीच्या यादीतलं पहिलं नाव

झरीच्या फाट्यावर बसमधून उतरले आणि सोयाबीनच्या मळणीचा धुराळा थेट छातीत गेला. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून मी वाकले. तेवढ्यात मळणीयंत्र बंद पडलं आणि तोंडाचा रुमाल सोडत एक जण धावत आला.

"पंप काढा की!"

"कसला... पंप?"

"दम्याचा! मीबी खिशात लपवतो, तोच. काढा, मी आडवा उभा राहतो. कोणी बघत न्हाई."

तो खरंच पाठ करून उभा राहिला... रुंद पाठ, मानेवर भुसा. श्वास परत यायला मी जरा जास्तच वेळ घेतला.

त्याचं नाव बुद्धभूषण. दुसऱ्या दिवशी गावच्या विहारात मी नव्या औषधाच्या संशोधनासाठी दमेकऱ्यांच्या रक्ताचे नमुने घ्यायला बसले, तर हा खुर्च्या मांडायला हजर!

"काय करतंय तुमचं औषध?"

"दम्यात एक जनुक उगाच जोरात काम करतं, श्वासनळी सुजते. त्याला गप्प करायचं औषध शोधतोय आम्ही. अजून प्रयोगच चालू आहेत."

"गप्प करायचं? मंग आमच्या आत्यालाबी एक डोस द्या!"

मी हसले... नको तितकी.

दुपारपर्यंत नमुने देणाऱ्यांची यादी कोरीच. "आमच्यात कुणालाच दमा न्हाई," गावातल्या गीताबाई सांगत होत्या आणि त्यांच्याच छातीतून शिट्टी वाजत होती. घरात लग्नाची पोर होती ना! पण मी तरी कुठं शहाणी? रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. सकाळीच पूर्ण्याहून, आमच्या घरून आईचा फोन, बुद्धभूषणलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात – "सुकेशनी, रविवारी पाहुणे येणारेत, चारचौघांत पंप काढू नको, लगीन मोडंल!"

तेवढ्यात कुणीतरी ओटा झाडायला घेतला. छाती आवळली. हात पर्समध्ये गेला आणि बुद्धभूषण झटकन आडवा झाला.

मला संताप आला. दम्याचा नाही, या लपवाछपवीचा.

"बाजूला व्हा."

"मॅडम, पूर्ण्यापर्यंत बातमी जाईल –"

"जाऊ दे!"

सगळ्यांसमोर पंप ओढला. श्वास मोकळा झाल्यावर यादीत पहिलं नाव लिहिलं... माझं.

तो बघतच राहिला. मग बाही सरकवून समोर बसला. त्याच्यामागे गीताबाई, लेकीचा हात धरून.

सुई टोचताना तो हळूच म्हणाला, "आता रविवारचे पाहुणे यायचे न्हाईत."

"माहितेय."

"मंग पोहे कोण खाणार?"

मला तो फाट्यावरच आवडला होता. आता ते तरी कशाला लपवायचं?

"तुम्ही या," मी म्हणाले. "आणि पंप खिशात नाही ठेवायचा. बशीशेजारी... आईला दिसेल असा."