पट्ट्यातला ठोका

सकाळचा चहा उकळेपर्यंत शलाका पोटावर नादपट्टा बांधून घेई आणि स्वयंपाकघरात बाळाच्या हृदयाचे ठोके घुमू लागत. सांगलीतल्या बहुतेक गरोदर बायकांकडे आता असा पट्टा होता.

तो देताना डॉ. तांबोळींनी समजावलं होतं, "रुग्णवाहिका जवळ येताना भोंगा चढा वाटतो, पुढे गेली की उतरतो. इथंही तेच. पट्टा आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज आत सोडतो. हृदयाची भिंत पट्ट्याकडे सरकली की परतणारा आवाज चढतो, लांब गेली की उतरतो. त्या फरकाचाच हा ठोका."

आठवा महिना लागला होता. सुरुवातीला बाळ वळलं की आवाज घसरे, खरखरे; पट्टा सरकवून ठोका शोधावा लागे. गेल्या आठवड्यात मात्र असं एकदाही घडलं नव्हतं. जिना चढून धापा टाकत आली, तरी तोच ठोका. झोपून कूस बदलली, तरी तोच.

"हेरंब, लाथा कमी झाल्यात रे," ती नवऱ्याला म्हणाली.

"ठोका ऐक की. कसा छान चाललाय!"

"तेच तर. इतका छान कसा?"

हेरंबनं वर पाहिलं नाही. तो पोळीला तूप लावत राहिला, लावलेल्या जागीच पुन्हा. शलाकाच्या मनात पाल चुकचुकली.

तिनं पट्टा सोडला. "तुझ्या पोटाला बांध."

"काहीतरीच काय!"

"बांध म्हणते ना."

तो मागे सरला, तशी तिनंच त्याच्या शर्टावरून पट्टा आवळला. क्षणभर शांतता. मग स्वयंपाकघरात तोच ठोका घुमू लागला. तिच्या बाळाचा ठोका, हेरंबच्या पोटातून.

"त्यात 'दिलासा' म्हणून सोय आहे," हेरंब पुटपुटला. "आवाज तुटला की पट्टा आधीचाच ठोका वाजवत राहतो. मागच्या खेपेला बाळ गेलं, तेव्हापासून तुला झोप नाही. पट्टा जरा गप्प झाला की रडायचीस. म्हणून गेल्या आठवड्यात मी ती सुरू केली. तुला बरं वाटावं एवढंच गं."

चपला पायात सरकवून ती खाली उतरली आणि रिक्षाला हात केला.

दवाखान्यात डॉ. तांबोळींनी कपाटातलं ठोका ऐकायचं जुनं हातयंत्र काढलं. पोटावर फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं. खरखर, नुसती खरखर. मागोमाग आलेला हेरंब दाराशी उभा होता. मग कुठूनतरी खोलवरून ठोका आला. मंद, अडखळता, मध्येच हरवणारा.

"आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण दमलंय. आता थांबायचं नाही."

दुपारी शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. शलाकाला अजून उठता येत नव्हतं, म्हणून हेरंब बघून आला. खाटेशी बसून त्यानं हळूच तिचा हात हातात घेतला.

"बरी आहे ती. श्वासही नीट घेतेय."

शलाका त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"हे डॉक्टर म्हणाल्या," तिनं विचारलं, "की मला बरं वाटावं म्हणून तू म्हणतोयस?"