बदलीचा भाऊ

आमच्या रोहणा गावाला टपाल दुपारच्या छोट्या आगगाडीनं यायचं. शिट्टी ऐकली की मी हातातलं काम टाकून पोस्टाकडे निघायची, कारण घरात वाचता येणारी मी एकटीच उरले होते. साल छप्पन. माझा थोरला भाऊ मधुकर अमेरिकेत शिकायला गेला होता आणि त्याची पत्रं मायला वाचून दाखवणं हे माझं काम. मी पंधरा वर्षांची, सातवी पास, आणि त्या कामाचा मला भारी तोरा होता.

मधुभाऊचं जाणं म्हणजे अदलाबदल होती. इकडच्या शेतकऱ्याचा मुलगा सहा महिने तिकडे राहून शेती शिकणार, तिकडचा इकडे. विकास खात्याच्या साहेबांनी सगळ्या तालुक्यातून त्याला निवडलं. तो आयोवा नावाच्या मुलखात एका मका पिकवणाऱ्याच्या घरी गेला आणि त्या घरातला कार्ल आमच्याकडे आला. मधुभाऊची खोली त्याला, खाट त्याला, ताटसुद्धा त्याला. उंच, पिवळ्या केसांचा, गरीब स्वभावाचा पोरगा. मोडकंतोडकं हिंदी बोलायचा आणि भाकर मोडायला दोन्ही हात लावायचा. मला तो आवडायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मी आकसानं केलं असं कोणाला वाटायला नको.

भाऊबीजेला भाऊ जवळ नसला की आमच्याकडे बहीण चंद्राला ओवाळते. नाव भावाचं घ्यायचं आणि निरांजन चंद्राकडे फिरवायचं. पण त्या दिवशी कापूस वेचता वेचता मला उशीर झाला. द्वितीयेची कोर ती, किती वेळ थांबणार? मी हातपाय धुऊन, ताट घेऊन अंगणात आले तोवर ती चिंचेच्या आड बुडून गेली होती. मी रडकुंडीला आले. ओसरीवर बाबा बिडी ओढत बसले होते आणि त्यांच्या शेजारी कार्ल.

"रडून काऊन राह्यली?" बाबा हसले. "चंद्र गेला तं गेला. हा मधूचा बदली बसला नाई का? यालेच ओवाळ. नाव मधूचं घेजो, म्हंजे झालं."

मलाही गंमत वाटली. कार्लला मधुभाऊच्या पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि भावाचं पूर्ण नाव घेऊन त्याला उदंड आयुष्य मागितलं. वारा नव्हता, तरी ज्योत आडवी झाली आणि बराच वेळ तशीच आडवी राहिली. तुपाचा वास एकाएकी गेला. त्या जागी ओल्या लोखंडासारखा गार वास आला. कार्लनं डोळे मिटून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी शेतात मी ही मजा भागाबाईला सांगितली. ती आमच्याकडे वेचणीला यायची, वयानं मायपेक्षा मोठी. तिचे हात कापसात तसेच थांबले.

"कुंकू याच्या कपाळाले आन् नाव त्याचं?" ती हळू म्हणाली. "असं नाई करत बाई. ज्याचं नाव घेतलं, त्याचा जीव तिथं ओढल्या जाते."

मी हसण्यावारी नेलं. पाच-सहा दिवस गेले. भर दुपारी मी कमरेला कापसाची ओटी बांधून एकटीच बांधाजवळ वेचत होते. ऊन तापलेलं, पाखराचा आवाज नाही, फक्त कापसाच्या वाळल्या पराटीची कुरकुर.

"कमे, ओटी भरली का वं?"

माझं नाव कमला. कमे म्हणून हाक मारणारा जगात एकच माणूस होता. मी वळून पाहिलं तर मागे कार्ल उभा. हिंदी नाही, आमची बोली, आणि सूर मधुभाऊचा, थोडा घोगरा. तोही दचकला होता. त्यानं तोंडावर हात धरला आणि माझ्याकडे बघत राहिला.

त्याच आठवड्यात पत्र आलं. मधुभाऊनं ते भाऊबीजेच्याच तारखेला लिहिलं होतं. आपल्याकडे संध्याकाळ तेव्हा तिकडे सकाळ. "आज सकाळी न्याहारी करताना माहं कपाळ एकदम गार पडलं," असं त्यात होतं. "तवापासून काही काही आठवून नाई राह्यलं. आपल्या ढवळ्याच्या जोडीच्या बैलाचं नाव काय? लिहून पाठवजो."

मायला मी ते वाक्य वाचून दाखवलं नाही. ओसरीत कार्ल सुतळी वळत बसला होता. मी काही विचारलं नव्हतं. तो खाली मान घालूनच म्हणाला, "पवळ्या."

त्यानंतर मी नीट झोपले नाही. माय चुकून त्याला मधू म्हणायची तर तो ओ द्यायचा. तिला त्यात कौतुक वाटायचं. पुढच्या पत्रात भाऊनं लिहिलं, "इथली माय मले कधी कधी कार्ल म्हनते. मी ओ देतो. मले त्याचं नवल वाटून नाई राह्यलं, याचं भेव वाटते." मग पत्रं बंद झाली. मी रोज पोस्टात जायची आणि हात हलवत परत यायची. कोणाला सांगणार? बाबांनी वेड्यात काढलं असतं, आणि मायनं अंथरूण धरलं असतं.

शेवटी माघात एका सकाळी मी त्याला विहिरीवर गाठलं.

"खरं सांग. तू कोन हायेस?"

तो पायरीवर बसला. म्हणाला, "मले माह्या मायचं तोंड आठवत नाई कमे... तिकडच्या मायचं. घर आठवत नाई. डोळे मिटले का हेच घर दिसते. तुही माय तानाबाईच माही माय वाटते."

"मंग तू मधू हायेस का?"

"मले नको विचारू..." तो रडायला लागला. पिवळ्या केसांचा तो एवढा थोराड पोरगा माझ्या भावासारखा, मनगटानं नाक पुसत रडत होता. मी घागर तिथंच टाकून पळाले.

मार्च संपला आणि त्याची जायची वेळ आली. अर्धा गाव स्टेशनावर आला होता. पुलगावहून मुंबई आणि तिथून बोट. हार घातले, फोटो निघाला. गाडी हलायला लागली तेव्हा त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं.

"कमे, मले पाठवू नको. मी मधूच हावो. तुले माहीत हाय."

मला माहीत होतं. आज सांगते, त्या क्षणी मला पक्कं माहीत होतं. पण मला माझा भाऊ त्याच्या तोंडासकट परत हवा होता. सगळ्या गावासमोर या परक्या पोराला मी भाऊ कसं म्हणणार होते? मी दुसऱ्या हातानं त्याची बोटं एकेक करून सोडवली. लोक म्हणाले, पोराला किती लळा लागला.

तीन आठवड्यांनी मधुभाऊ आला. तेच तोंड, तीच चाल. गाव लोटलं, मायनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो सगळ्यांशी गोड बोलला. मला मात्र तो कमला म्हणाला. जेवायला बसल्यावर भाकर मोडायला त्यानं दोन्ही हात लावले. मी ताटावरून उठून गेले.

मेच्या अखेरीस अमेरिकेचं तिकीट असलेलं पत्र आलं. मी ते माजघरात उघडलं तेव्हा तो जेवत होता आणि माय वाढत होती. अक्षर मराठी होतं.

"मायले मधूचा शिरसाष्टांग नमस्कार. मी इथं कार्लच्या घरी पोचलो. सैपाकघरात खिडकीपाशी बसलो हावो. घरच्यायले हाका मारतो तं कोनी ओ देत नाई. माह्याकडं पाह्यतबी नाई. माही बोली समजत नसन. कमे, मले घ्याले या."

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मायनं पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि मागच्या बाजूनं बोटं फिरवली. मधुभाऊ टाक इतका दाबून लिहायचा की अक्षरं मागून हाताला लागत.

"हे मधूच्या हातचं हाय," ती म्हणाली.

ताटावरच्या माणसानं घास खाली ठेवला. "माही माय कशी हाय... लिव्हलं का त्यानं?" त्यानं विचारलं. आणि माय तर त्याच्या समोरच बसली होती.

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली आणि मला म्हणाली, "लिही त्याले. तिकडच्या मायले सांग म्हना, तुहा पोरगा इथं जेवून राह्यला. उपाशी राहू देत नाई मी त्याले."

मी लिहिलं. पण आमचं पत्र पोचायच्या आधीच दुसरं एक आलं, इंग्रजीत, बाईच्या अक्षरात. घरात इंग्रजी येणारा तोच. त्यानं ते उभ्यानं वाचलं आणि उंबऱ्यावर बसला.

"माह्या मायचं हाय," तो म्हणाला. "कार्ल घरी आलाच नाई म्हनते. त्याची पेटी पोचली. तो बोटीवर चढलेला लोकायनं पाह्यला, उतरलेला कोनीच नाई पाह्यला. एप्रिलच्या पंधरा तारखेपासून बोटीवर नव्हता."

मी मराठी पत्रावरची तारीख पाहिली. ती बारा मे होती.

त्याच टपालात मायच्या नावाचं आणखी एक पाकीट होतं, पत्ता मधुभाऊच्या त्याच दाबून लिहिलेल्या अक्षरात. बाहेर रोहिणीचं ऊन रणरणत होतं, आभाळात ढगाचा ठिपका नाही. मायनं पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, मागून बोटं फिरवली. बोटं ओली झाली. तिनं ती लुगड्याला पुसली आणि पाकीट माझ्यापुढे धरलं.

"वाच वं," ती म्हणाली.