वरून आलेला होकार

ही घडलेली गोष्ट आहे. ऐकीव नाही, कुणाच्या मित्राच्या मित्राची तर नाहीच नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडली, आणि ज्याच्या जिवावर बेतली तो माझा सख्खा मेव्हणा आहे.

मी प्रविण. नेकनूरचा. धंद्याने वायरमन.

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर भरपूर टिंगल केली आहे. लोक बोलावतात, म्हणतात घरात आपोआप दिवे लुकलुकतात. मी जातो, न्यूट्रलची ढिली झालेली तार आवळतो आणि भूत पळून जातं. चहा घेतो, घरी येतो.

गेल्या वैशाखापर्यंत तरी असंच चाललं होतं.

काम बीडजवळच्या पालीत होतं. धरणाकडे जाताना गावाच्या टोकाला मोहनरावांचं घर लागतं. मोहनराव आणि त्यांची बायको भिवराबाई, दोघंही ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की घराला कुलूप, ते उघडायचं थेट उन्हाळ्यात. आता पोरगा कमावता झाला होता. म्हणून खालच्या जुन्या दगडी भिंती तशाच ठेवून, मातीचं माळवद काढून स्लॅब टाकला होता आणि वर नवा मजला चढवला होता.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांत. पाव्हणे येणार. त्यामुळे काम त्याच संध्याकाळी उरकायचं होतं.

जुना बोर्ड बघून मला घामच फुटला. लाकडी फळी, तिच्यावर चिनीमातीचे दोन फ्यूज आणि त्या फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी चक्क जाड तांब्याची तार पिळलेली. म्हणजे घर पेटलं तरी फ्यूज उडणार नाही. त्या बोर्डावर आता कूलर, गिझर, घरघंटी आणि पाण्याची मोटार चालवायची होती.

"ह्यो बोर्ड अजून जिवंत कसा?" मी मोहनरावांना विचारलं.

"सहा म्हयने तर बंदच असतंय घर," ते म्हणाले. "झिजायला येळ कुठं मिळतोय त्याला?"

ठरलं असं. खाली बटनांची नवी मोठी पेटी बसवायची. तिथून जाड केबल वर न्यायची आणि वरच्या मजल्याला वेगळी छोटी पेटी द्यायची. खालच्या पेटीवर मी, वरच्या पेटीवर आदिनाथ.

आदिनाथ माझ्या बायकोचा, दीपमालाचा भाऊ. एकुलता एक. सासरे गेल्यावर तिनेच त्याला माझ्या हाताखाली घातलं. निघताना तिचं रोजचं एकच वाक्य असतं, "त्याला काय झालं ना, तर तुम्ही पण घरी येऊ नका."

हसत म्हणते. पण म्हणते.

आमची कामाची एक पद्धत आहे. वरचा माणूस तारांना हात घालून बसलेला असतो, खालचा बटनापाशी. मध्ये भिंती. एकमेकांचं तोंड दिसत नाही. म्हणून सप्लाय देण्याआधी खालच्याने ओरडायचं, "आदिनाथ, देऊ का?" वरून होकार आला, तरच बटन वर करायचं.

सगळा जीव त्या एका होकारावर असतो.

दुपारी भिवराबाई चहा घेऊन आल्या. वर आदिनाथला हाका मारताना त्यांनी मला ऐकलं असावं. जरा वेळ तिथंच घुटमळल्या. मग हळूच म्हणाल्या, "दादा, येक सांगू का? दिवेलागणीला ह्या घरात कुणाला नाव घिऊन हाक मारू नका."

"मग काय शिट्टी मारू?" मी म्हणालो. चहाला खाली आलेला आदिनाथ खो खो हसला.

त्या नाही हसल्या.

फोन करावा म्हटलं, तर त्या जाडजूड भिंतींत रेंजचा पत्ता नव्हता. हाक मारण्यावाचून इलाज नव्हता.

ऊन उतरता उतरता पहिली चाचणी घेतली. ओसरीत मीटर होता, त्याखाली मेन फ्यूज. तो बसवला, आत आलो.

"आदिनाथ, देऊ का?"

"द्या, दाजी."

बटन वर केलं. वरचे दिवे लागले... पण मिणमिणते. वरच्या पेटीत कुठंतरी जोड ढिला राहिला होता. मी बटन खाली केलं आणि त्याला पेटी पुन्हा उघडायला सांगितलं.

खालच्या खोल्यांच्या तारा अजून जोडायच्या होत्या. त्यामुळे बटन पडताच सगळं घर अंधारलं. मोहनराव सामान आणायला बीडला गेले होते. भिवराबाई मागच्या गोठ्यात होत्या.

मी पेटीपाशी उभा राहिलो. दुसऱ्या कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून बटनावर बोट ठेवून.

दिवेलागण झाली होती.

वरून पेचकसाचा आवाज येत होता. कर्र... कर्र...

मग तो थांबला.

बराच वेळ काहीच नाही. गोठ्यातली म्हैससुद्धा गप्प.

झालं असेल म्हणून मी ओरडलो, "आदिनाथ, देऊ का?"

मी कान टवकारले.

मग...

"द्या."

आवाज आदिनाथचाच. जरा घोगरा, शेवटी ओढलेला, अगदी त्याचाच. माझं बोट बटनाखाली गेलंसुद्धा.

आणि तिथंच अडलं.

कारण आदिनाथ मला 'दाजी' म्हटल्याशिवाय एक शब्द बोलत नाही. जेवताना भाकरी मागतानाही दाजी, भांडतानाही दाजी. मी त्याला कितीदा म्हटलंय, अरे दमत न्हाईस का बे?

"आदिनाथ?" मी पुन्हा हाक मारली.

"द्या."

या वेळी आवाज वरून नाही आला.

जिन्यावरून आला.

मी तिकडे बघितलं. जिना रिकामा होता.

"आदिनाथ, खाली आलास का?"

"द्या की."

हे माझ्या कानाशी म्हटलं गेलं. श्वास लागला नाही, ऊब लागली नाही. नुसता आवाज.

मी खोटं सांगत नाही, मी घाबरलो. आणि माझ्या बोटाखालून... दाब आला. कुणीतरी माझ्या बोटाखाली आपलं बोट घालून बटन वर रेटावं, तसं. मी सगळा जोर लावून ते खाली दाबून धरलं. बोट बधिर झालं. डोळ्यांसमोर फक्त दीपमाला दिसत होती.

किती वेळ दाबून धरणार होतो? कधीतरी बोट सुटणारच.

मी बटन सोडलं आणि ओसरीकडे धावलो. मीटरखालचा फ्यूज ओढून काढला आणि मुठीत घट्ट धरला.

त्याच क्षणी आतून आवाज आला.

खट.

बटन वर गेलं होतं.

मोबाईलची बॅटरी लावून मी जिना चढलो. आदिनाथ वरच्या पेटीसमोर मांडी घालून बसला होता. पेचकस बाजूला. उघडी तार दोन्ही हातांनी धरलेली. उघड्या हातांनी.

"सोड," मी म्हणालो. "सोड ती आधी."

त्याने सोडली. गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. "दाजी, तुमीच तर म्हणालात, धरून ठेव."

"मी?"

"आत्ता हितं येऊन. मागं उभं ऱ्हाऊन. खालनं तर हाक आलीच न्हाई. म्हणालात, सप्लाय बंद हाय, दोन्ही हातांनी धर, हलू नको." मग जरा लाजून म्हणाला, "लेकरा म्हणालात मला. म्हटलं, आज दाजीला लई माया आली."

मी त्याला आजवर कधी लेकरा म्हटलेलं नाही.

आम्ही खाली आलो तेव्हा भिवराबाई दारात पणती घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आमच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं समजल्या.

"मारलीच ना हाक," त्या म्हणाल्या.

"कोण हाय आत?" मला रागच आला होता. "कोण मेलंय का ह्या घरात? आधी सांगायचं न्हाई का?"

"कुणी मेलं न्हाई, दादा. देवाशपथ." त्यांनी पणती उंबऱ्यावर ठेवली. "आमी तोडीला जातो. घर सहा म्हयने कुलपात. वैशाखात परत येऊन कुलूप काढावं, तर घरात धूळ नसती. जाळं नसतं. वापरल्यावानी असतंय सगळं. आता आमच्या माघारी हितं कोण ऱ्हातंय, ते आमाला कसं ठाव?"

मी मागे वळून अंधाऱ्या जिन्याकडे बघितलं.

"वंगाळ न्हाई ते," त्या म्हणाल्या. "आमाला कदी तरास दिला न्हाई. पण जी हाक ऐकतंय ना, ती ठिवून घेतंय, आन् मग त्याच माणसाच्या आवाजात बोलतंय."

तिथून आम्ही तसेच निघालो. वास्तुशांत पेट्रोमॅक्सच्या उजेडात झाली असं नंतर कळलं. बीडच्या दुसऱ्या वायरमनने भर उन्हात राहिलेलं काम पुरं केलं. त्याला काहीच झालं नाही. तो एकटाच काम करतो, हाक मारायला त्याला कुणी नसतंच.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती लिहिलीच नसती.

पुढच्या महिन्यात आम्ही अंबाजोगाईला गेलो. कॉलेजमागे एक जुनं बैठं घर होतं, गच्चीवर नवीन खोली काढलेली. तसंच काम. जुना बोर्ड काढायचा, वर वेगळी पेटी द्यायची. भर दुपार होती, घरात माणसांची वर्दळ, टीव्ही चालू. भीती वाटावी असं काही म्हणजे काही नव्हतं.

मी सवयीने ओरडलो, "आदिनाथ, देऊ का?"

गच्चीवरून लगेच उत्तर आलं.

"द्या, दाजी."

घोगरा. शेवटी ओढलेला. दाजीसकट.

मी बटन वर करणार, तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला.

मागे आदिनाथ उभा होता. तो पाणी प्यायला केव्हाच खाली आला होता. तांब्या त्याच्या हातातच होता आणि तोंडाचा रंग पार उडाला होता. त्यानेही स्वतःचा आवाज वरून ऐकला होता.

त्या दिवसापासून आम्ही एकत्र काम करत नाही. दीपमालाला वाटतं, आमचं काहीतरी बिनसलंय. वाटू दे. आदिनाथला हा धंदा सोड म्हटलं, तर म्हणतो, "दुसरं काय येतंय मला, दाजी?" आता तो केजला खोली घेऊन राहतो, दुसऱ्या एकाबरोबर कामाला जातो. त्या माणसाला मी बजावून ठेवलंय. वर जा, त्याच्या खांद्याला हात लाव, डोळ्यांनी बघ, आणि मगच सप्लाय दे. तो हो म्हणाला. पण कामाच्या घाईत रोज कोण जिने चढतंय, ते मला माहीत आहे.

म्हणून संध्याकाळ झाली की मी आदिनाथला फोन लावतो. तो सुखरूप खोलीवर पोचला की नाही, एवढंच विचारायला.

फोन उचलला जातो. "बोला, दाजी," असं ऐकू येतं.

आणि आता नुसत्या आवाजावरून, तो आदिनाथच आहे का... हे मला सांगता येत नाही.