शेळ्या बसवलेला डोंगर

डोंगर जेवायचा. रोज! खरंच, २०६० च्या सुमाराला कोळसाखाणींच्या बाजूला उभे असलेले सगळे डोंगर जेवायचे. खरे डोंगर नव्हेत हं. कोळशाच्या वरची माती-दगड खणून बाजूला टाकतात ना, त्याचे ढिगारे. शंभर-शंभर मीटर उंच! पाऊस मुरला की आत पाणी दाटायचं आणि अख्खा उतार खालच्या वस्तीवर. म्हणून शास्त्रज्ञांनी त्यात सोडले सांधेकिडे. किडे कसले, जिवाणूच. युरिया खायचे आणि मातीच्या कणाकणात चुना धरायचे. दोन वर्षांत मातीचा दगड!

भानगड एवढीच, की युरिया जास्त झाला तर अमोनिया थेट भूजलात. आणि कमी पडला, तर उपाशी किडे आम्ल सोडून स्वतःच धरलेला चुना विरघळवायचे.

तर चंद्रपूरकडं, नदीकाठी, ढिगाऱ्याच्या अगदी पायथ्याशी टेकामटोली. पस्तीस घरं. नऊ वर्षं पुनर्वसन मागत होती. तपासणीला आली नूपुर देवगडे, उतार आणि भूजल बघणारी सरकारी अधिकारी. टोलीच्या बाजूला विहीर जवळ, म्हणून किड्यांना युरिया पाजणाऱ्या टाक्या कधी बसवल्याच नव्हत्या. म्हणजे ती बाजू उपाशी, म्हणजे कच्ची. 'धोकादायक' लिहून एक सही, की पस्तीस घरांना नवी जागा! त्याच तयारीनं आली होती बिचारी.

टोलीच्या शेळ्या राखणाऱ्या गिरजाबाई टेकाम तिला वर घेऊन निघाल्या. पायात स्लिपर, मागं टोलीच्या सगळ्या दोनशे शेळ्या.

"दम लागला का मॅडम? आमच्या बोकडाले सांगतो, तो घेते पाठीवर."

"मावशी, हसवू नका, पडेन मी!"

नूपुरनं बोअरमध्ये पाणीकाठी सोडली. जमिनीत पाणी कुठवर चढलंय आणि कसं आहे, ते ही काठी सांगते. पाणी खोल. स्वच्छ. मग उतारात पोलादी सुई ठोकली. सुईच वाकली!

"असं कसं? इथं युरिया कोण घालतं?"

"कोनी नाई घालत."

दुपार चढली तशा शेळ्या उतारावर कोरलेल्या एका रुंद पायरीवर निवांत बसल्या.

"रोज इथंच बसतात?"

"छ्या! आज इथं, उद्या तिकडं. एकाच जागी बसवलं तं गवत जळते ना वं. माह्या सासूची रीत हाये."

आणि नूपुरची ट्यूब पेटली! शेळ्यांचं मूत! त्यातच युरिया! रोज नवी पायरी, थोडं थोडं, ना जास्त ना कमी. एकाही टाकीला न जमलेलं माप! ती नाचायचीच बाकी होती. "मावशी, हा डोंगर तुम्ही बांधलाय!"

गिरजाबाई लाजून हसल्या. मग हसू थांबलं. "म्हंजे पक्का हाये. मंग आमाले हलवनार नाई?"

नूपुर वाकलेली सुई सरळ करू लागली.

"आनि हलवलं तं?"

"शेळ्या जातील. किडे उपाशी. दोन पावसाळ्यांत ढिगारा नदीत. खाली तीन तालुके तेच पाणी पितात."

"टाक्या बसवा."

"मग ते पाणी अमोनियानं नासेल."

"शेळ्या ठेवून जातो आमी. सरकारी मानूस ठेवा राखाले."

"ठेवला होता, पलीकडच्या खाणीवर, नुसतं गवत चारायला. तो रोज सावलीतल्याच पायरीवर बसवायचा. बाकीचा उतार घसरला. का, ते आज कळलं."

"आळशी मेला," गिरजाबाई पुटपुटल्या.

खोटं लिहायला नूपुरचा हात धजेना. तिनं 'सुरक्षित' लिहिलं. उतार कशावर टिकलाय, हेही लिहावं लागतं. लिहिलं: शेळ्या दोनशे, राखणदार एक. खाली रकाना होता, राखणदारानंतर हे काम कोण करणार.

"मावशी," तिनं हळूच विचारलं, "रीत अजून कोणाला येते?"

गिरजाबाईंनी खाली पाहिलं. अंगणात त्यांची लेक, लहानपणापासून त्यांच्याबरोबर शेळ्यांमागं हिंडलेली, ट्रंक भरत होती. नागपूरला नर्सिंगला नंबर लागला होता तिचा.

"कोनाले नाई," गिरजाबाई म्हणाल्या.

ट्रंक नूपुरलाही दिसत होती. पेन उघडंच राहिलं तिच्या हातात.