तिसऱ्या घोड्याची रिकीब

दाणा बघायला गेलो होतो आम्ही. लढायला नाही, हे आधीच सांगतो, कारण लोकांना वाटतं घोडदळ म्हणजे नुसत्या तलवारी उपसून धावाधाव. घोडदळातल्या माणसाचं निम्मं आयुष्य घोड्याच्या पोटामागे जातं. त्या हिवाळ्यात आमच्या घोड्यांच्या बरगड्या लांबून दिसायच्या. बांधून ठेवले की एकमेकांच्या शेपट्या चघळायचे. अशात खबर आली की नदीकाठी एक बंद गिरणी आहे, लढाई जवळ आली तसा मालक पळाला, आणि तळघरात धान्य तसंच पडून आहे. नदीच्या पलीकडे शत्रू. मोठी तुकडी नेली तर दिसणार. म्हणून चौघंच निघालो.

पुढे कप्तानसाहेब. हा माणूस आवाज चढवायचा नाही. गोळ्या सुटत असल्या तरी मीठ मागितल्यासारखा हुकूम द्यायचा. मी तापट माणूस. असा थंड माणूस बघितला की मला आधी राग येतो आणि मग भरवसा वाटतो. त्यांची करडी घोडी होती. ते जवळ आले की ती मान खाली घालून कपाळ पुढे करायची, ते दोन बोटांनी खाजवायचे, मगच चढायचे.

मागे दफेदार. पोट सुटलेला, सारखी थट्टा. त्याचा काळा घोडा सगळ्यांना चावायचा, त्यालासुद्धा.

आणि माझा धाकटा भाऊ. माझ्यामागोमाग भरती झाला, मला न विचारता. निघताना आईनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "तू तुझं बघशील. याला परत आण." एवढंच. रडली नाही. त्यानंतर मी स्वतःसाठी कधी घाबरलो नाही. घाबरलो ते या गाढवासाठी.

गिरणीपाशी पोचलो तेव्हा भर दुपार होती, पण धुकं असं की आपल्याच घोड्याचे कान पुसट दिसत होते. आमच्यात नियम असा, की पायी उतरून काम करायचं असलं तर चौघांतला एक जण चारही घोडे धरून बाहेर थांबतो. आत काहीही होवो, तो जागचा हलत नाही. घोडे गेले तर आतले तिघं मेले, म्हणून. आणि लगाम द्यायचा तो ज्याचा घोडा त्याच्याच हातात. त्या दिवशी घोडे धरायला मी.

"भडक्या," कप्तानसाहेब म्हणाले. मला सगळे भडक्याच म्हणायचे. "काही झालं तरी घोडे सोडायचे नाहीत. आणि तोंड बंद. पाण्यावरून आवाज लांब जातो."

"साहेब, घोडे तो धरेल," दफेदार म्हणाला. "पण त्याच्या तोंडाला पाचवा लगाम लागेल, तो कुठून आणायचा?"

धाकटा हसला. खिशातला पावाचा तुकडा त्यानं आपल्या घोड्याला भरवला. स्वतः सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"तू खा की ते," मी म्हटलं.

"याला भूक जास्त आहे, दादा."

तिघं आत गेले. दगडी फरशीवर बुटांच्या टाचा वाजल्या. मग तळघराची लाकडी झडप उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ दारातून वास. आंबट. शिळं पीठ डब्यात विसरून राहिलं की येतो तसा. आतून कप्तानसाहेबांचा आवाज आला, "आधी मी उतरतो." मग काही पुटपुटले, ते मला कळलं नाही. मग दफेदार म्हणाला, "साहेब?… साहेब?" मग शिडी करकरली.

त्यानंतर काहीच नाही.

मी थांबलो. गिरणीच्या छपरावरून पाणी ठिबकत होतं. नदीपलीकडे कुठे तरी घोडा खिंकाळला, म्हणजे त्यांचे लोक होते तिथे. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आत जायला पाय उचलला आणि खाली ठेवला. हुकूम म्हणजे हुकूम. पण मनातल्या मनात मी तिघांच्या सात पिढ्या उद्धरत होतो.

मग घोड्यांचे कान वळले. चारही घोड्यांचे, एकदम, दाराकडे. दारात कुणी नव्हतं. कान हळूहळू फिरत आले, जसं कुणी चालत जवळ येत असलं की फिरतात.

करडी घोडीनं मान खाली घातली. कपाळ पुढे केलं.

तिच्या पुढे कुणी नव्हतं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. तिच्या रिकिबीचा, पाय ठेवायच्या कडीचा, पट्टा ताणला गेला, रिकीब खाली गेली, खोगीर करकरलं, आणि घोडीनं अंगावर वजन आलं की टाकतात तसे पाय टाकले. माझ्या हातातला तिचा लगाम कुणी तरी अलगद ओढला. मी दिला. का दिला विचारू नका. इतक्या वर्षांची हाताची सवय होती, ज्याचा घोडा त्याला लगाम.

मग काळ्यानं दात काढून हवेला चावा घेतला, आणि त्याचंही खोगीर दबलं. तोही लगाम माझ्या हातातून गेला. दोन्ही घोडे शेजारी शेजारी, न घाबरता, साध्या चालीनं धुक्यात शिरले. नदीच्या दिशेनं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कप्तानसाहेब गेले. दफेदार गेला. आता तिसरा घोडा.

धाकट्याच्या घोड्यानं कान मागे पाडले. थरथरायला लागला, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं. आणि त्याची रिकीब हलली.

मला भीती वाटली असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला राग आला. असा राग की समोर देव असता तरी कानाखाली लावली असती. मी ती रिकीब धरली. आत पाय होता. बोटांना बूट लागला, थंड, चामडं वाळून भेगा पडलेलं.

"चढायचं नाही!" मी ओरडलो. नदीपलीकडचे गेले खड्ड्यात. "तुझ्या बापाचा घोडा आहे का? आईला काय तोंड दाखवू मी? काढ पाय! काढ म्हणतो ना! जा मागे, हरामखोरा!"

दोन्ही हातांनी मी तो बूट रिकिबीतून बाहेर ढकलला. दोन्हीकडच्या रिकिबी खोगिरावर उलट्या टाकल्या, चढायला जागाच ठेवली नाही. मग आयुष्यात पहिल्यांदा हातातले घोडे सोडले आणि आत धावलो.

झडपेच्या तोंडाशी धाकटा लोंबकळत होता. एक हात शिडीच्या वरच्या पायरीत अडकलेला, मान खाली. कॉलरला धरून ओढला, तसाच फरफटत दारापर्यंत आणला. ओढताना खाली नजर गेली. कप्तानसाहेबांची पाठ दिसली, आणि त्यांच्यावर आडवा पडलेला दफेदार. तळघरातलं धान्य कुजलं होतं. कुजल्या धान्याची हवा बंद जागेत साचली की दिवा विझतो, माणूसही विझतो, ओरडायलाही सवड मिळत नाही. मी उतरलो नाही. उतरलो असतो तर मीही तिथेच राहिलो असतो.

बाहेर दोन घोडे थांबलेले होते, माझा आणि त्याचा. धाकट्याला माझ्यापुढे आडवा टाकला, त्याचा घोडा दोरीनं मागे घेतला आणि निघालो.

घोडा मेला की त्याचा स्वार साथीदाराच्या रिकिबीला धरून बरोबर पळतो, हे आमच्यात रोजचं. त्या वाटेनं माझ्या डाव्या रिकिबीचा पट्टा सारखा ओढला जात होता. झुडपात अडकत असेल म्हटलं. वाकून बघितलं तर झुडपं नव्हती. लाथ मारली. पाय कशालाच लागला नाही. ओढ मात्र छावणी येईपर्यंत होती.

संध्याकाळी दवाखान्याच्या तंबूत धाकट्यानं डोळे उघडले.

"दादा, बाहेर कुणावर ओरडत होतास?"

"तुझ्यावर."

"मी तर आत होतो."

"ठाऊक आहे मला. पण तू… तू घोड्यावर चढत होतास."

"नाही रे. मी शिडीलाच धरून होतो. सगळं ऐकू येत होतं, नुसता हात उचलत नव्हता. तुझ्या शिव्या चालू होत्या म्हणून जागा राहिलो."

"मग ते कोण होतं?"

"साहेब खाली उतरले ना…" त्यानं आवाज खाली आणला. "तेव्हा म्हणाले, इथे आधीच कुणी तरी आहे. नंतर बोललेच नाहीत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याचा घोडा त्याला बघून कधी कान पाडत नसे. खिशात तोंड घालायचा. हे मला तिथेच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पंचवीस जण गेले, गिरणीच्या खिडक्या फोडल्या, हवा जाऊ दिली आणि मग खाली उतरले. वर काढली ती प्रेतं तीन. तिसरं जुनं होतं, सुकून काटकी झालेलं. अंगातला कोट ना आमच्या फौजेचा, ना त्यांच्या. पायात घोडेस्वाराचे बूट, टाचेला काटे, चामड्याला भेगा. छावणीत कुणालाच त्याची ओळख पटली नाही. तिघांनाही एकाच ओळीत पुरलं. करडी आणि काळा काही सापडले नाहीत.

लढाई संपली. धाकट्याला मी घरी आणला. आईनं त्याला चापटी मारली आणि मग जेवायला वाढलं. त्याचं लग्न झालं, पोरं झाली. तो बरा आहे.

मी अजून घोडा ठेवतो. मधे तीन घोडे बदलले. कुठलाही असो, मी बसलो की खोगीर डावीकडे झुकतं. खोगीर शिवणारा म्हणतो, पोटाखालचा तंग नीट आहे, तुझंच वजन एकीकडे पडतं, दारू कमी कर. मी डावी रिकीब कापूनच टाकली. तरी झुकतं.

बाजाराला जाताना धाकटा कधी कधी सोबत पायी येतो. बोलत बोलत येतो, पण नेहमी उजवीकडून. मागच्या पावसात उजव्या बाजूचा रस्ता खचला होता, नुसता ओढा वाहत होता. डावीकडे चांगली कोरडी वाट होती. हा गुडघाभर पाण्यातून चालला.