दुपारची कूस

तपासणीसबाई आधी टाचा बघायच्या. शुश्रूषागृह कितीही चकचकीत असो, मेट्रन कितीही गोड बोलो, बाई सरळ पलंगाच्या पायथ्याशी जाऊन चादर वर करायच्या. टाच लाल दिसली की समजायचं, या माणसाला कुणी वेळेवर कुशीवर वळवत नाही. मग पाण्याचा ग्लास. रुग्णाचा जो हात चालतो त्या बाजूला तो आहे की नाही? एवढ्यावर त्यांनी भल्याभल्यांचे परवाने अडवले होते.

आज मात्र टाच आईची होती.

झटक्यानंतर आईची डावी बाजू लुळी पडली. घरी तिला उचलता-वळवता बाईंचीच कंबर धरली. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तुला यातलं कळतं, तूच ठरव," आणि मोकळा झाला. आईला इथं महिन्यापुरतं ठेवलं होतं. आता कायमचं ठेवायचं की परत न्यायचं, ते आज ठरायचं होतं. परत न्यायचं बळ नव्हतं आणि ठेवायला मन धजत नव्हतं.

बाईंनी चादर वर केली. इस्पितळातून आणताना टाचेला चांगली जखम होती. तिथं आता नवी गुलाबी कातडी आली होती. ग्लास उजवीकडे, हाताशी.

"झालं का नाकानं कांदे सोलून?" आई म्हणाली. जीभ जड झाली होती, पण तिखटपणा शाबूत होता. "चादर नीट खोच. डावखुरी ती डावखुरी, सगळं उलटं करतेस."

"तुला वळवतं कोण गं इथं?"

"येते की एक जण. हात उबदार आहेत तिचे. 'भार टाका माझ्यावर,' म्हणते. तुझ्यासारखे हिसके देत नाही."

"दिसायला कशी आहे?"

आई जरा गोंधळली. "दिसणार कशी? माझं तोंड भिंतीकडे करते ना ती."

बाई इतर खोल्यांतून फिरल्या. एकही टाच लाल नव्हती. इतकं चांगलं कुठं असतं का? त्यांना ते पटेना.

"दुपारी या मजल्यावर कोण असतं?" त्यांनी मेट्रनला विचारलं.

"मी आणि एक आया."

"मग एवढ्या सगळ्यांना वळवतं कोण?"

मेट्रन घडी घातलेल्या टॉवेलाची पुन्हा घडी घालत राहिली. "खोटं कशाला बोलू? आधी आम्हीच वळवायचो. हल्ली आम्ही पोचतो, तर ते वळवलेलेच असतात."

"आणि तुम्ही कुणाला विचारलं नाहीत?"

"विचारलं. मग सोडून दिलं. कुणाला एक जखम नाही, बाई. उगाच कशाला खोदून काढायचं?"

बाईंची एक जुनी युक्ती होती. रिकाम्या खोलीतली घंटा दाबायची आणि कोण धावत येतं ते बघायचं. टोकाची खोली रिकामी होती. कंबर ठणकत होती, म्हणून त्या पर्स खुर्चीवर टाकून पलंगावर जरा आडव्या झाल्या आणि त्यांनी डाव्या हातानं घंटा दाबली.

कुणी आलं नाही. बाहेर आया बादली सरकवत होती. खिडकीतून ऊन पायांवर आलं होतं. बाईंचे डोळे मिटले.

खांद्याखाली एक हात आला.

दुसरा कमरेखाली.

उबदार.

"भार टाका माझ्यावर."

बाईंनी भार टाकला. आयुष्यात पहिल्यांदा, सगळाच्या सगळा.

डोळे उघडले तेव्हा समोर भिंत होती. पाठीला उशी लावलेली होती. मागं वळून पाहिलं, तर खोलीत कुणीच नव्हतं. दार लोटलेलं होतं. बाहेर आयाची बादली अजून सरकत होती.

कंबर ठणकत नव्हती. बाईंना रडू फुटलं, पण ते सुटल्याचं रडू होतं.

"आई, तू इथंच राहा," त्या आईच्या खोलीत येऊन म्हणाल्या.

"मी कुठं जाते म्हटलं होतं?" आई म्हणाली आणि हसली. बाईही हसल्या. छातीवरचा धोंडा उतरला होता. भावाला फोन करायचा म्हणून पर्स शोधली, तेव्हा ती मघाच्या खोलीत राहिल्याचं आठवलं.

खोलीतला पलंग नव्यानं घातलेला होता, चादर ताणलेली. शेजारी मघाशी नसलेला पाण्याचा ग्लास भरून, झाकून ठेवला होता.

डाव्या हाताला.