उशिराचं हसू

प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, हे कानकाका नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवत. स्वयंपाकघराची वेगळी, सुटीतल्या वर्गाची वेगळी. कानकाका म्हणजे स्टुडिओतले ध्वनिमुद्रक. प्रत्येक मुलाखतीआधी सगळ्यांना गप्प बसवून ते अर्धं मिनिट नुसती शांतता मुद्रित करत. पुढे कुठे वाक्य कापलं, की त्या फटीत हीच शांतता भरायची.

मंचावर चिमटा बसली होती. बातम्यांना चिमटे काढायचा तिचा कार्यक्रम दर आठवड्याला लागू लागला, तेव्हापासून आईसुद्धा तिला याच नावाने हाक मारू लागली होती. समोरचे पाहुणे एक्याण्णव वर्षांचे, दोनदा देशाचं सरकार चालवलेले. त्यांना दुपारपर्यंत बसवत नसे, म्हणून आज सकाळीच मुलाखत होती आणि समोर प्रेक्षक नव्हते. दीडशे खुर्च्या रिकाम्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटते, त्या जातीच्या.

"हसू नंतर घालतो, साहेब," चिमटा म्हणाली. "आमच्याकडे बरणी भरून ठेवलंय."

"मग चांगलं मुरलं असेल."

ती मनापासून हसली. साहेब मात्र खुर्च्यांकडे पाहत होते.

"तो दिवा जरा खाली करा. मागच्यांच्या डोळ्यांवर येतोय."

वय झालं की होतं असं. दिवा खाली झाला. काकांनी हात वर केला, सगळे गप्प झाले.

अर्धं मिनिट उलटलं तरी काकांचा हात खाली येईना. मीटरचा काटा थरथरत होता. त्यांनी वातानुकूलन बंद करवलं, वायर बदलली, आणि शेवटी मंचावर येऊन आपले हेडफोन चिमटाच्या कानांवर ठेवले.

श्वास ऐकू येत होता. एकाचा नाही, शंभरांचाही नाही. मैदान भरून माणसं बसावीत आणि सगळ्यांनी बोलणाऱ्याकडे कान लावावेत, तसा. वर कापडी मंडप फडफडत होता. खूप लांब एक मूल कुरकुरत होतं, "मला दिसत नाही."

स्टुडिओच्या भिंतींना वीतभर जाड स्पंज होता. बाहेरची मोटार आत ऐकू येत नसे.

"काका, हे काय आहे?"

"चाळीस वर्षं हेच काम करतोय, बाळ. असं कधी ऐकलं नाही." काका हेडफोन घेऊन आपल्या खोलीच्या काचेमागे परत गेले. चालताना त्यांनी पावलं न वाजवता टाकली.

मुलाखत सुरू झाली. म्हातारा हजरजबाबी होता. पण चिमटाचं सगळं लक्ष हातातल्या शेवटच्या कार्डावर होतं. सव्वीस वर्षांपूर्वी याच माणसाच्या सभेत कठडा मोडला, एक्केचाळीस माणसं चेंगरली, आणि भाषण पुढे अकरा मिनिटं चालू राहिलं. का, ते साहेबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या एक्केचाळिसांत चिमटाचे बाबा होते.

बाबांना विनोद उशिरा कळे. सगळं घर हसून गप्प झालं, की ते एकटेच फिस्सकन हसत आणि गुडघ्यावर दोन थापा मारत. आई म्हणे, "आली का गाडी?" अजूनही प्रत्येक विनोदानंतर चिमटा क्षणभर थांबे. लोक म्हणत, काय टायमिंग आहे!

तिने शेवटचं कार्ड वर घेतलं. कानातल्या यंत्रात निर्माता कुजबुजला, "तो प्रश्न नको. उठून जातील, मग आपला गाशा गुंडाळायचा."

तिने यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"साहेब, कठडा मोडल्यावरही तुम्ही बोलत का राहिलात? माझे बाबा होते तिथे."

साहेब तिच्याकडे वळले.

"मी विनोद सांगत होतो, पोरी. शेवट यायच्या आतच मागून मोठा आवाज उठला. मला वाटलं, हसताहेत. लोकांनी शेवट ओळखला." त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "म्हणून मी आणखी रंगलो. शेवट सांगायचा राहूनच गेला."

खाली काहीतरी करकरलं.

चिमटाने वळून पाहिलं. अंधारात दीडशेच्या दीडशे बैठका खाली झाल्या होत्या.

साहेब काठी सोडून उभे राहिले. आवाज एक्याण्णव वर्षांच्या माणसाचा नव्हता. मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचणारा होता.

"मंत्री झालो, तसा धावत शाळेत गेलो. मास्तरांच्या पाया पडलो, म्हटलं, गुरुजी, मी मंत्री झालो! मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, बरं बरं, घाबरू नकोस. मी कुणाला सांगणार नाही."

हसू आलं.

ते दूरवरून आलं, रांगारांगांतून पुढे सरकत, आणि मंचाची फळी तिच्या तळपायाखाली थरथरली. तिने काचेकडे पाहिलं. काकांनी दोन्ही हात वर धरले होते. त्यांनी कशालाच हात लावला नव्हता.

हसू ओसरलं. खट. खट. मागच्या रांगेपासून बैठका मिटत आल्या.

एक उरली. तिसऱ्या रांगेतली.

चिमटा थांबली. नेहमी थांबे तशी.

फिस्सकन हसू फुटलं. गुडघ्यावर दोन थापा पडल्या.

"आली का गाडी?" तिच्या तोंडून आईच्या आवाजात निघालं.

मग तीही बैठक वर गेली. इतरांसारखी खटकन नाही. आवाज होऊ नये म्हणून कुणी हाताने धरून मिटवावी, तशी.